वाळूचा देव आणि राहून गेलेलं विसर्जन



अधिक मासात भागवताचा एकादश स्कंध पुरा करायचा असं आपलं ठरलंय, आणि आज अध्याय २७ आला. खरं सांगायचं तर हा अध्याय मी दर वेळी भरभर उरकते. काल आपण ऐलगीत वाचलं, उर्वशी गेल्यावरची पुरूरव्याची तळमळ. ते वाचताना मोबाइल खाली ठेवावासा वाटत नाही. आणि आज एकदम पूजाविधी! उद्धव विचारतो, देवा, तुझी पूजा नेमकी कशी करायची? मग भगवंत आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, वस्त्र, धूप, दीप असं एकेक सांगत जातात. आपल्यासारख्यांना, ज्यांचं देवघर म्हणजे किचनच्या वरचा एक कप्पा, हे सगळं जरा परकंच वाटतं.

पण गेल्या वर्षीपासून या अध्यायात दोन जागी मला थांबावं लागतं.

पहिली जागा. भगवंत प्रतिमेचे आठ प्रकार सांगतात. दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची म्हणजे माती-चंदन लिंपून केलेली, रेखाटलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. क्रम बघा. वाळू सहावी, मन सातवं, रत्न आठवं. वाळू, जी ओंजळीतून सुटते, ती रत्नाच्याच ओळीत बसवली आहे. ऐपत नसेल त्याने वाळू घ्यावी, असा उल्लेख तिथे नाही. सवलत म्हणून ती दिलेलीच नाही.

दुसरी जागा आवाहन आणि विसर्जनाची. जी प्रतिमा एकदा कायमची बसवली, तिला रोज ‘ये’ आणि ‘जा’ म्हणायचं नसतं. जी हलवता येते तिच्या बाबतीत मोकळीक आहे, करा किंवा करू नका. पण नुसती जमीन सारवून, साफ करून तिच्यावर पूजा मांडली असेल, ज्याला स्थंडिल म्हणतात, तिथे मात्र दोन्ही करायचंच. बोलवायचंही आणि निरोपही द्यायचा.

हे मला गेल्या वर्षी मारुंजीत एका बांधकामाच्या साइटमागे कळलं. म्हणजे आधी चुकलं, मग कळलं.

मार्चमध्ये माझं ठरलेलं लग्न मोडलं. साखरपुडा झालेला, नोव्हेंबरची तारीख, फलटणला कार्यालयाचा ॲडव्हान्सही भरलेला. त्यांच्याकडून बाबांना एक फोन आला, चार मिनिटांचा. कारण काय ते आजही मला नीट माहीत नाही, आणि इथे ते महत्त्वाचंही नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या स्टँडअपला हजर होते. सगळे म्हणाले, किती खंबीर आहेस गं.

ऑगस्टमध्ये आईचा फोन. “यंदा हरतालिका धर. एवढं एक माझं ऐक.” मी चिडले. चांगला नवरा मिळावा म्हणून उपास, आणि तोही याच वर्षी? मी तिला बरंच बोलले. ती ऐकून घेत होती, शेवटी म्हणाली, “बरं, नको धरू. पण कहाणी तरी वाच.” माझी रूममेट शेजारी बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, “मी पण धरते. दोघी धरू. भूक लागली तर एकमेकींना शिव्या देऊ.” ती हिंगोलीची, तिच्याकडे ही पद्धतच नाही. तरी धरली.

कहाणी तुम्हाला माहीत असेलच. भविष्योत्तर पुराणातली म्हणून सांगतात. हिमालयाने नारदाच्या सांगण्यावरून पार्वतीचं लग्न विष्णूशी ठरवलं. तिच्या मनात शंकर. तिने ते सखीला सांगितलं आणि सखीने तिला उचलून अरण्यात नेलं. हरिता म्हणजे नेलेली, आलि म्हणजे सखी. व्रताचं नावच मैत्रिणीवरून पडलंय, हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नदीकाठच्या गुहेत पार्वतीने वाळूचं लिंग केलं, भाद्रपद शुद्ध तृतीयेला उपास केला, रात्र जागवली. जवळ ना सोनं, ना मूर्तिकार. हाताशी होती ती वाळू आणि भोवतीच्या झाडांची पानं.

आता मारुंजीत वाळू शोधणं म्हणजे सोपं वाटतं ना? आमच्या बिल्डिंगच्या तीन बाजूंना कामं चालू आहेत. दिवसभर मिक्सर फिरतात, गॅलरीतल्या तुळशीवर कायम राखाडी थर. पण २६ ऑगस्टला सकाळी मी डबा घेऊन शेजारच्या साइटवर गेले तर वॉचमनकाका म्हणाले, “ताई, नदीची वाळू आता कुठली? ही सगळी क्रश सँड. खाणीतला दगड भरडून करतात.” काळपट, टोकदार कणांची. मुठीत घेतली तर टोचते. मनात आलं, चला, वाळूसुद्धा डुप्लिकेट.

तिथेच मागे, पत्र्याच्या खोल्यांपाशी, तीन बायका जमीन सारवत होत्या. त्यांचाही उपास होता. छत्तीसगडमध्ये तीजा आणि बिहारमध्ये तीज म्हणजे आपलीच हरतालिका, तीच तिथी, तेच शंकर-पार्वती. बेमेतऱ्याकडची एक दीदी होती, माझ्याच वयाची असेल, पदराला चुना लागलेला. तिने सांगितलं की त्यांच्याकडे तीजाला बाई माहेरी जाते, आदल्या रात्री करूभात खायचा, म्हणजे कारलं आणि भात, आणि मग निर्जळी. माहेरून साडी मिळते. यंदा स्लॅबचं काम होतं, जाता आलं नाही. करूभात मात्र तिने काल रात्री इथेच खाल्ला होता.

मी म्हटलं, माझ्याकडे वाळू नाही. ती हसली आणि त्याच काळ्या क्रश सँडच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

मग तिने जे दाखवलं ते मी सविस्तर सांगते, कारण यंदा तुमच्यापैकी कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल. आधी चाळायची, खडा राहू द्यायचा नाही. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. कोरडी वाळू बसत नाही आणि फार भिजली तर पायथ्याशी पसरते. मुठीत दाबून सोडली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत, तेवढीच ओल. कणांमध्ये पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो तोच त्यांना धरून ठेवतो, बाकी काही नाही. टोकदार कण गोल कणांपेक्षा एकमेकांत चांगले अडकतात, म्हणून माझी ती ‘डुप्लिकेट’ वाळू छान उभी राहिली. तांब्यात दाबून भरायची, पालथी घालायची, वरून हलकं थोपटून तांब्या उचलायचा. माझं पहिलं लिंग पडलं, दुसरं तिरकं आलं, तिसरं बसलं. भोवती बोटाने शाळुंका कोरली, तिची पन्हळ उत्तरेला. उत्तर कुठली ते मी मोबाइलवर बघणार होते. दीदीने सूर्याकडे एकदा पाहून हात दाखवला.

पत्रीची गंमत वेगळीच. सोळा पत्रींची यादी मी प्रिंट काढून नेली होती आणि ऑनलाइन पॅकेटही मागवलं होतं, ते आलंच नाही. शेवटी रूममेट आणि मी साइटच्या कुंपणाकडेने फिरलो. पावसाळ्यात पडीक प्लॉटवर काय नसतं? आघाडा गुडघाभर, रुई, धोत्रा, दूर्वा, बोरीची एक काटेरी फांदी. डिव्हायडरवरची कण्हेर. सोसायटीच्या बागेतून डाळिंब आणि मधुमालती. रोज मी याच रस्त्याने हिंजवडीला जाते आणि ‘झुडपं कधी साफ करणार’ म्हणून कुरकुरते. त्या झुडपांत देवाच्या यादीतली निम्मी नावं होती. बेल तेवढा वॉचमनकाकांनी कुठून तरी आणला. बिहारच्या बाईने काड्या आणि झेंडूची फुलं दोऱ्यात ओवून वर टांगायला फुलेरा केला. आम्ही पाच जणींनी त्या चार फूट सारवलेल्या जमिनीवर जे काही मांडलं, ते सुंदर होतं. काळी वाळू, त्यावर हिरवी पानं, पांढरा धोत्रा, केशरी झेंडू. मी ढीगभर फोटो काढले.

अभिषेक करायला मी तांब्या उचलला तर दीदीने हात धरला. दूर्वेने दोन थेंब शिंपड, म्हणाली, धार धरलीस तर देव वाहून जाईल. आजच्या अध्यायात नेमकं असंच काहीसं आहे. लिंपलेल्या आणि रेखाटलेल्या प्रतिमेला स्नान घालायचं नाही, नुसतं पुसून घ्यायचं. त्यात वाळूचं नाव नाही, ते मी माझ्या मनाने घातलं. पण मला हे फार गोड वाटतं की पूजेचा नियम समोरच्या वस्तूला काय सोसेल ते पाहून बदलतो. दगडाला सोसतं ते मातीला सोसत नाही, तर देव म्हणतो राहू दे, पुसून घे. (माणसांशी वागताना आपण हे कितीदा पाहतो?)

रात्री कासारसाईकडून पाऊस आला. ताडपत्री बांधली. बायका त्यांच्या भाषेत गाणी म्हणत होत्या, आम्हाला शब्द कळत नव्हते. साडेअकराच्या सुमारास मला रडू आलं, मार्चनंतर पहिल्यांदाच. रूममेटने काही विचारलं नाही, बिस्किटाचा पुडा पुढे केला, मग उपास आठवून तो मागे घेतला. आम्ही हसलो.

आता चुकलं ते. सकाळी सहा वाजता त्यांनी उत्तरपूजा केली आणि आपापले देव पलीकडच्या ओढ्यात सोडले. मला फलटणची बस गाठायची होती, त्या दिवशी गणेश चतुर्थी. पण खरं कारण बस नव्हतं. मला ते मोडवेना. इतकं छान बसलं होतं. सहा महिन्यांत मी स्वतःच्या हाताने पुरी केलेली ती एकच गोष्ट होती. मी ताडपत्री नीट खोचली, चार विटा ठेवल्या आणि दीदीला म्हटलं, आल्यावर करते. तिने ‘अच्छा’ म्हटलं, पण मान हलली नाही.

घरी गणपती बसला, गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. गौरींना निरोप देताना मी आईबरोबर दहीभात वाढला, सगळं साग्रसंगीत. मारुंजीची आठवणही झाली नाही. ३ सप्टेंबरला परत आले आणि बॅग ठेवून थेट मागे गेले. ताडपत्री कुणीतरी नेली होती. पाऊस होऊन गेला होता. लिंगाच्या जागी एक ओला चपटा ढेकूळ, त्यात कुजलेली बेलाची पानं, आणि शाळुंकेवरून गाडीच्या चाकाचा माग. मला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. एखाद्याची हेळसांड करून आलो की जसं वाटतं, तसं.

दीदी घमेलं घेऊन चालली होती. थांबली. “बिदा नहीं किया था ना दीदी,” एवढंच म्हणाली. रागाने नाही.

या अध्यायात शेवटाकडे विसर्जनाबद्दल एक गोष्ट येते, ती मी त्या रात्री वाचली. आवाहन करताना देव बाहेरून कुठून आणायचा नसतो. आपल्या हृदयात जे तेज आहे त्याचं ध्यान करायचं आणि तेच समोरच्या प्रतिमेत ठेवायचं. आणि निरोप देताना ती ज्योत पुन्हा ज्योतीत, म्हणजे जिथून काढली तिथे परत घ्यायची. विसर्जन म्हणजे मोडणं नाही, बुडवणं तर नाहीच. वाळूत जे ठेवलं होतं ते आधी काढून घ्यायचं, मग वाळू वाळूकडे जाते. मी निरोप न देता निघाले तेव्हा मला वाटलं मी ते वाचवलं. प्रत्यक्षात मी माझं तेज एका ताडपत्रीखाली ठेवून फलटणला गेले होते. पाऊस तर येणारच होता. मी होते की नव्हते, एवढाच प्रश्न होता.

पार्वतीचं बघा. कहाणीतला हा भाग आपण ऐकता ऐकता सोडून देतो. शंकर प्रसन्न झाले, वर मिळाला. आता ते लिंग तर जगातली सगळ्यात मोलाची वस्तू, नाही का? आपण असतो तर काचेच्या पेटीत ठेवलं असतं. तिने सकाळी ते नदीत सोडलं, मग उपास सोडला. वडील शोधत आले ते त्यानंतर. म्हणजे पुढे काय होणार, बाबा काय म्हणणार, हे काहीच ठरलेलं नसताना तिने हात रिकामे केले.

आपल्याकडे हे किती जागी आहे. बेंदराचे मातीचे बैल, दिवाळीत अंगणात घातलेल्या शेणाच्या गवळणी, पोरांचे किल्ले, पालखी येण्याआधी रस्त्यावर काढलेली रांगोळी, जिच्यावरून हजारो पावलं जाणार हे काढणारीला पक्कं माहीत असतं. तिबेटी भिक्षू कित्येक दिवस खपून रंगीत वाळूचं मंडल करतात आणि स्वतःच्या हाताने झाडून ती वाळू पाण्यात सोडतात. ‘सगळं क्षणभंगुर आहे’ असं म्हणून आपण हे एका वाक्यात उरकतो. पण क्षणभंगुर तर आपली इन्स्टा स्टोरीही असते, चोवीस तासांनी जाते. ती आपोआप जाते, हा फरक. तिला कुणी ‘ये’ म्हटलेलं नसतं, म्हणून ‘जा’ म्हणायलाही कुणी थांबत नाही. माझे ते ढीगभर फोटो अजून फोनमध्ये आहेत. त्यानंतर मी ते एकदाही उघडलेले नाहीत.

नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं. पैठणला सुरू केलेला तो ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा झाला. ज्यांना आजचा अध्याय संस्कृतात कोरडा वाटला त्यांनी नाथांचा सत्ताविसावा अध्याय काढून बघा, तिथे तोच पूजाविधी मराठीत आहे. भगवंत इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतात: भक्ताने श्रद्धेने दिलेलं नुसतं पाणीही मला आवडतं, आणि श्रद्धा नसेल तर ढीगभर दिलेलंही नाही. तेव्हा क्रश सँड की नदीची वाळू, हा माझा वाद तिथेच मिटला.

तर त्या संध्याकाळी दीदीने त्या ढेकळातली मूठभर वाळू काढून माझ्या हातात दिली. पानं वेगळी केली. आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. मंत्र मला येत नव्हता. मी डोळे मिटून, रात्री तिथे बसून जे जे वाटलं होतं ते आठवलं, ते परत घेतलं असं समजले, आणि वाळू सोडली. आठ दिवस उशिरा. शास्त्राप्रमाणे चाललं असतं का, मला माहीत नाही. जाणकारांनी रागावू नये.

पुढचं थोडं खासगी आहे, पण अर्धंच सांगितलं तर खोटं होईल. माझ्या कपाटात साखरपुड्याची अंगठी तशीच होती, सहा महिने. त्यांनी मागितली नव्हती, आम्ही दिली नव्हती. सगळ्यांनीच ताडपत्री घातलेली. मी बाबांना फोन केला, म्हटलं, मध्यस्थ काकांकरवी नाही, मी स्वतः देणार. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी येतो तुझ्याबरोबर.” त्यांच्या घरी आम्ही वीस मिनिटं बसलो. त्याच्या आईने चहा केला. तिने मला दिवाळीत पैठणी घेऊन ठेवली होती असं ती म्हणाली आणि तिला पुढे बोलता येईना. मी तिला वाकून नमस्कार केला. तो घरी नव्हता. बरंच झालं, किंवा नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. परतीच्या वाटेवर बाबांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला, बर्फ न घालता. कार्यालयाचा ॲडव्हान्स परत मिळाला नाही.

यंदा अधिक मासामुळे हरतालिका सप्टेंबरात आहे. मागच्या साइटची बिल्डिंग उभी राहिली, पत्र्याच्या खोल्या उचलल्या, दीदी कुठल्या कामावर गेली कळलं नाही. वॉचमनकाका म्हणतात चाकणकडे असेल. तिच्या जागी आता पेव्हर ब्लॉक बसलेत. मी आणि रूममेट सारवायला चार फूट मोकळी जमीन शोधतोय, मारुंजी-हिंजवडी भागात कुणाला माहीत असेल तर कळवा. आघाड्याची जागा मी हेरून ठेवली आहे, ती सांगणार नाही.

उद्या अध्याय २८. चहा घेऊन बसा.

राम कृष्ण हरि.